होळी ते मृग: खेड्यातले जोखमीचे तीन महिने आणि पहिल्या अर्ध्या तासाची तयारी

९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात वाकडी गावी एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. विहीर पाण्यासाठी वापरात नव्हती, तिच्यात बायोगॅसची शेणस्लरी साठत होती. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. असं करत सहा जण आत गेले आणि त्यातले पाच दगावले. वाचला तो एकच. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता, म्हणून त्याला वर ओढता आलं.

या घटनेतून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, संकट आलं की गावातली माणसं मागचापुढचा विचार न करता धावतात. दुसरी म्हणजे, नुसत्या धावण्याने जीव वाचत नाही. त्यासाठी दोर लागतो, योग्य नंबर लागतो आणि काय करायचं नाही याची माहिती लागते. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दल खेड्यात पोहोचायला वेळ लागतो. तोवरचा अर्धा तास गावालाच निभावायचा असतो.

होळीपासून मृग नक्षत्रापर्यंत, म्हणजे साधारण मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, हा अर्धा तास वारंवार येतो. या काळातले मुख्य धोके, त्यावेळी काय करायचं आणि मदत कुठून मिळते, ते एकेक करून पाहू.

याच काळात धोका का वाढतो?

पाणी आटतं, म्हणून विहिरींचा गाळ काढायला माणसं खाली उतरतात. शाळांना सुट्टी लागते आणि मुलं पोहायला शेततळ्यावर जातात. जंगलात पानगळ झालेली असते, त्यामुळे एका ठिणगीनं वणवा पेटतो. उकाड्यामुळे लोक अंगणात किंवा जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात आणि रात्री फिरणाऱ्या सापांशी गाठ पडते. एप्रिलपासून वळवाचा पाऊस येतो आणि त्याच्यासोबत विजा येतात. शेतीची मशागत तर थांबत नाहीच, मग ऊन कितीही असो.

विहीर आणि स्लरीचा खड्डा: दिसत नाही तो वायू

शेण, पालापाचोळा किंवा सांडपाणी कुजलं की मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. बंद किंवा खोल जागेत ते साठून राहतात आणि श्वास घ्यायला ऑक्सिजन उरत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास असतो, पण त्याचं प्रमाण फार वाढलं की नाकाला तो वास कळेनासा होतो. म्हणून 'वास येत नाही, म्हणजे धोका नाही' हा समज जीवघेणा ठरतो.

कंदील किंवा पेटती चिंधी खाली सोडून पाहण्याची जुनी पद्धतही भरवशाची नाही. दिवा जळत राहिला तरी विषारी वायू असू शकतो आणि मिथेन असेल तर भडका उडू शकतो. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसणंही तितकंच धोक्याचं आहे, कारण त्याचा धूर आतच कोंडतो.

कोणी आत बेशुद्ध पडलं तर:

- त्याच्यामागे कोणीही उतरू नका. सख्खा भाऊ असला तरी त्याला धरून ठेवा.
- ११२ वर फोन करा आणि 'विहिरीत वायू आहे, माणूस अडकला आहे' असं स्पष्ट सांगा.
- आतला माणूस शुद्धीवर असेल तर फास केलेला दोर सोडा आणि तो काखेखालून घालायला सांगा.
- स्लरीच्या खड्ड्याजवळ बिडी, काडेपेटी किंवा कोणतीही ज्योत नको.

गाळ काढण्याच्या कामातही कमरेला दोर आणि काठावर ओढायला किमान तीन-चार माणसं असल्याशिवाय कोणी उतरू नये. पडीक विहीर आणि स्लरीचा खड्डा यांवर झाकण किंवा जाळी हवीच.

शेततळं: काठ जवळ असतो, पण हाताला काही लागत नाही

राज्यात २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे शेततळी वाढली आणि कोरडवाहू शेतीला मोठा आधार मिळाला. पण शेततळं हे विहिरीपेक्षा किंवा ओढ्यापेक्षा वेगळं असतं. त्याच्या चारही बाजू उतरत्या असतात आणि पाणी जिरू नये म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं की पाय टिकत नाही. तीन मीटर खोल तळ्यात पोहता येणारा माणूसही काठापर्यंत येतो आणि पुन्हा घसरतो. दमला की बुडतो. एकाला काढायला दुसरा गेला, तर त्याचीही तीच गत होते. मुलांच्या जोड्या एकाच वेळी बुडतात त्या यामुळे.

यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून जागोजागी गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा. ट्रॅक्टरची एखादी जुनी हवा भरलेली ट्यूब काठावर बांधून ठेवा. भोवती तारेचं कुंपण आणि कुलूप लावता येईल असं फाटक हवं. मुलांना एकच गोष्ट पक्की शिकवा: मित्र बुडत असेल तर पाण्यात उडी मारायची नाही. दोर, ट्यूब किंवा साडी फेकायची आणि ओरडून मोठ्यांना बोलवायचं.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटं धरून फिरवू नका, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. तो श्वास घेत नसेल तर नाक बंद करून तोंडाने श्वास द्या, छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर दाब द्या आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवू नका. हे आधी शिकलेलं असेल तरच त्या वेळी हात चालतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना गावात एकदा प्रात्यक्षिक दाखवायची विनंती करा.

साप आणि विंचू: मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत येत नाही

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक ग्रामीण भागातली होती. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणणं हे त्याचं उद्दिष्ट आहे.

आपल्याकडे माणसाच्या जिवावर बेतणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. सरकारी दवाखान्यात मिळणारी सर्पविषावरची लस या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे कोणता साप चावला हे कळावं म्हणून तो मारून किंवा पकडून नेण्याची गरज नाही. त्या प्रयत्नात दुसऱ्यालाही दंश होतो.

यातली मण्यार विशेष फसवी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. घरचे 'काहीतरी बाधलं असेल' म्हणून थांबतात आणि तोवर श्वासाचे स्नायू दुबळे होतात. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे असा उठला तर सर्पदंश समजूनच दवाखाना गाठा.

दंश झाल्यावर:

- माणसाला धीर द्या, चालवू नका, पळवू नका.
- अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ काढा.
- मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी लावून हात-पाय स्थिर ठेवा.
- करकचून दोरी बांधू नका, जखम कापू नका, विष चोखू नका, बर्फ लावू नका.
- १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर मोटारसायकलवर मधे बसवून, मागून धरून न्या.
- निघतानाच दवाखान्यात फोन करून लस आहे का, हे विचारा. नसेल तर थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा.

मांत्रिकाकडे नेलेली माणसंही बरी होतात, हे अनेकांनी पाहिलेलं असतं. त्याचं कारण साधं आहे. बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. पण ज्याच्या अंगात विष गेलं आहे, त्याच्यासाठी लस हाच इलाज.

विंचवाचंही तसंच. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या दंशावर वापरून दाखवलं आणि त्यामुळे मृत्यूंचं प्रमाण फार खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दरदरून घाम, हातपाय गार पडणं, उलटी ही लक्षणं दिसली, विशेषतः लहान मुलात, तर क्षणभरही थांबू नका.

झोपताना शक्यतो खाट वापरा, जमिनीवर झोपावं लागलं तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचा. रात्री बाहेर जाताना बॅटरी हवीच.

वणवा: बांध पेटवला, डोंगर जळाला

वन विभागाच्या लेखी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कुणी बांध जाळतो, कुणी उसाचं पाचट पेटवतो, कोकणात आणि घाटमाथ्यावर राब भाजताना जाळ हाताबाहेर जातो. चांगलं गवत येईल म्हणूनही डोंगर पेटवले जातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा आगींत आंबा-काजूच्या बागा जळून जातात आणि वर्षानुवर्षांची मेहनत एका दुपारी संपते.

विदर्भात आणखी एक कारण असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. ती नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि आग पुढे सरकते. पाला झाडून घेणं किंवा झाडाखाली जाळी वा जुनी लुगडी अंथरणं हा सोपा पर्याय आहे. फुलंही स्वच्छ मिळतात.

काही जाळायचंच असेल तर पहाटे किंवा वारा पडल्यावर, भोवती जाळरेषा काढून, पाणी जवळ ठेवून आणि पूर्ण विझेपर्यंत थांबून जाळा. जंगलात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. वणवा दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. विझवायला जाताना सुती कपडे घाला आणि चढाच्या वरच्या बाजूला उभे राहू नका, कारण आग चढावर वेगाने धावते.

बिबट्या आणि वाघ

ऊसतोड सुरू झाली की फडात राहणाऱ्या बिबट्यांचा आडोसा जातो. जुन्नर, शिरूर, संगमनेरसारख्या भागांत तोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात. त्यांना उचलू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. १९२६ ला कळवा. वन कर्मचारी पिल्लं त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन घेऊन जाते.

चंद्रपूर, गडचिरोलीत मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपानं गोळा करायला माणसं पहाटे जंगलात जातात. खाली वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. पुरतं उजाडल्यावर, गटाने आणि वनरक्षकाला सांगून जावं. एकाने वाकून वेचावं आणि एकाने उभं राहून लक्ष ठेवावं.

ऊन आणि वीज

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं की हवामान विभाग उष्णतेची लाट जाहीर करतो. किनारपट्टीसाठी हा आकडा ३७ अंश आहे. पण दमट हवेत त्याहून कमी तापमानही घातक ठरू शकतं. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या जाहीर कार्यक्रमात उन्हात बसलेल्या १४ जणांचा मृत्यू झाला होता.

उष्माघात झालेला माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, अंग चटके बसण्याइतकं तापतं. त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. काखेत आणि मानेला ओली फडकी ठेवा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ बोलवा. उन्हाचं काम सकाळी अकराच्या आत आणि चारनंतर ठेवता आलं तर उत्तम.

विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे मोफत ॲप केलं आहे. तुमच्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडण्याची शक्यता ते आधी सांगतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲपही फोनमध्ये असू द्या. नेटवर्क नसेल तर साधा हिशेब करा: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदही लागले नाहीत, तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली थांबू नका, गुरंही झाडाला बांधू नका.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावा, श्वास बंद असेल तर छातीवर दाब द्या. तुटलेल्या विजेच्या तारेचं मात्र उलट आहे. तिच्याजवळ जाऊ नका, १९१२ वर कळवा.

कोणत्या वेळी कोणता नंबर?

- ११२: पोलीस, अग्निशमन, कोणतीही तातडीची मदत
- १०८: रुग्णवाहिका, मोफत
- १०२: गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी वाहन
- १०४: आरोग्यविषयक सल्ला
- १०७७: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष
- १९२६: वन विभाग
- १९१२: वीज तक्रार
- १९६२: जनावरांसाठी फिरता दवाखाना

फोन लागल्यावर आधी जागा सांगा: गाव, तालुका, जवळची ओळखीची खूण आणि गाडी कुठून आत येईल तो रस्ता. एक माणूस फाट्यावर उभा करा. वाडीवस्तीच्या रस्त्यावर चुकण्यात जातात ती दहा मिनिटं त्याने वाचतात.

राज्यातल्या अनेक गावांत 'ग्राम सुरक्षा यंत्रणा'ही चालते. नोंदणी केलेल्या ग्रामस्थाने ठरलेल्या नंबरवर फोन करून निरोप बोलला की तो त्याच्याच आवाजात गावातल्या सगळ्यांच्या फोनवर कॉल म्हणून जातो. साधा फोन असला तरी चालतो. तुमचं गाव त्यात आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा.

गावच्या ग्रुपवर बातमी टाकताना

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना मारून टाकलं. फोनवरचा निरोप जीव वाचवतो तसा घेतोही. 'बिबट्या आला, सावध राहा' एवढं लिहून उपयोग नाही. कुठे, किती वाजता, कोणी पाहिलं आणि कोणाला कळवलं, या चार गोष्टी लिहा. त्या माहीत नसतील तर निरोप पुढे पाठवू नका. धोका टळला की तेही कळवा. अपघातात गेलेल्यांचे फोटो टाकू नका.

दुर्दैवाने काही घडलंच तर

शेतकरी कुटुंबासाठी 'गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना' आहे. खातेदार शेतकरी आणि कुटुंबातला आणखी एक सदस्य, वय १० ते ७५, यांचा सर्पदंश, विंचूदंश, बुडणं, वीज, विजेचा धक्का अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. दुःखाच्या दिवसांत ही मुदत निघून जाते, म्हणून शेजाऱ्यांनी किंवा कृषी सहायकाने त्याची आठवण ठेवावी.

वीज पडून मृत्यू झाल्यास तहसील कार्यालयामार्फत वारसांना चार लाख रुपये मिळतात. दगावलेल्या दुधाळ गाय-म्हशीसाठी ३७,५०० आणि ओढकामाच्या बैलासाठी ३२,००० रुपये, असे २०२२-२६ चे निकष आहेत. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास वन विभागाकडून २५ लाख रुपये मिळतात. प्रत्येक वेळी पंचनामा आणि दवाखान्याचे कागद लागतात. त्यामुळे तलाठी, पोलीस पाटील किंवा वनरक्षकाला लगेच कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका.

१ मेच्या ग्रामसभेत काय मांडाल?

महाराष्ट्र दिनी गावोगावी ग्रामसभा भरते. त्यात पाच गोष्टी मागता येतील:

- पडीक विहिरी, स्लरीचे खड्डे आणि शेततळी यांची यादी करून झाकण, जाळी आणि दोर.
- वर दिलेले नंबर चावडीवर, शाळेवर आणि दुकानावर मोठ्या अक्षरांत.
- जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पविषावरची लस आहे, याची दर महिन्याला खात्री आणि त्याची माहिती फलकावर.
- रात्री-बेरात्री निघू शकतील अशा गाड्यांच्या चालकांची यादी.
- छातीवर दाब देऊन श्वास सुरू करण्याचं एक प्रात्यक्षिक, तरुण मंडळ आणि बचत गटासाठी.

यातली बरीच कामं मोठ्या निधीविना होतात. वाकडीला वाचलेल्या माणसाच्या कमरेला होता तसा एक दोर गावात पंधरा-वीस ठिकाणी बांधून ठेवायला एक दुपार पुरते. पुढची सुट्टीची दुपार त्यासाठी ठरवून टाका.